एक्सेलचे कोणते फंक्शन कोणत्या हिशेबाला?

हिशेब चोख ठेवावा, हे आमच्या व्यापारी बंधूंना कोणी शिकवण्याची गरज नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने तो न्यायाने लिहावा, ही शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ती सर्वांत मोठी आयत आहे, हेही आपल्या घराघरांत ठाऊक असते. आमच्या वाडवडिलांच्या गल्ल्याशेजारी लाल कापडात बांधलेली चोपडी असे आणि रात्री दुकान बंद करण्याआधी रोजमेळ जुळल्याशिवाय कुलूप लागत नसे.

आता चोपडीच्या शेजारी संगणक आला आहे. सावदा-रावेर पट्ट्यातील केळीचा व्यापारी असो, जळगावच्या एमआयडीसीतला चटईचा कारखानदार असो, फुले मार्केटातला कापडवाला असो की धुळ्यातला यंत्रमागवाला, महिन्याचा हिशेब एक्सेलवर होऊ लागला आहे. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्या मोबाइलमध्ये गुगल शीट्स आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्याबरोबर एक धोकाही पेढीत शिरला आहे, आणि आज त्याविषयीच आम्हाला लिहायचे आहे.

चोपडीची बेरीज मुनीम करी आणि मालक ती खालून वर तपासून पाही. एक्सेलमध्ये मात्र फॉर्म्युला एकदा कोणीतरी घालून देतो. बहुधा तो कॉलेजात शिकणारा भाचा किंवा पुतण्या असतो. मग वर्षानुवर्षे त्या सेलमधला आकडा सगळे खरा मानून चालतात. संगणक बेरजेत चुकत नाही हे खरे. पण त्याला प्रश्नच चुकीचा विचारला तर तो चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. तेव्हा आमचे मत असे आहे की, मालकाला फंक्शन टाइप करता आले नाही तरी चालेल, पण कोणत्या हिशेबाला कोणते फंक्शन लागते हे त्याला कळलेच पाहिजे. कारण चुकलेला आकडा केवळ आपल्या नफ्यातोट्याचा नसतो. त्यात कारागिराची मजुरी असते, भागीदाराचा वाटा असतो, जकात असते. म्हणजे दुसऱ्याचा हक्क असतो.

एक्सेलमध्ये फंक्शने शेकड्यांनी आहेत. व्यापाऱ्याला लागतात दहा-बारा. ती टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करावी लागतात. येथे आम्ही त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देत आहोत. उदाहरणांतील भाव आणि आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत.

बेरीज : सम, अधिकचे चिन्ह की सबटोटल?

सर्वांत जास्त वापरले जाणारे फंक्शन म्हणजे 'सम'. एका रकान्यातील सगळ्या आकड्यांची ते बेरीज करते. पण त्याची एक सवय ध्यानात ठेवावी. सेलमध्ये आकड्याऐवजी अक्षरे असतील तर सम ती गुपचूप सोडून देते. मुलाने एका ओळीत १२०० ऐवजी '१२०० रु.' असे लिहिले की संगणकाच्या दृष्टीने तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. बेरीज १२०० ने कमी येते आणि कोठेही तक्रार दिसत नाही. तेच दोन-तीन सेल अधिकच्या चिन्हाने जोडले असते तर एक्सेलने तेथेच चूक दाखवली असती. म्हणून चार-पाच ठरावीक आकडे, जसे भाडे, वीज, हमाली, मजुरी, जोडायचे असतील तर अधिकचे चिन्ह बरे. लांब यादीसाठी सम. मात्र आकड्यांच्या रकान्यात आकड्याशिवाय काहीही लिहायचे नाही, हा नियम पेढीत सर्वांना लावावा.

दुसरी गोष्ट फिल्टरची. समजा उधारीची यादी आहे आणि तीतून फक्त भुसावळची गिऱ्हाइके पाहायची आहेत. फिल्टर लावला, पंधरा नावे दिसू लागली आणि खाली बेरीज दिसते. ती बेरीज सम फंक्शनची असेल तर ती भुसावळची नसून सगळ्या यादीची असते. फिल्टरने लपलेल्या ओळीही सम मोजतच राहते. आम्ही स्वतः हा फटका खाल्ला आहे. एका गावची वसुली किती बाकी आहे ते पाहून आम्ही एका बंधूंना मोठ्या तोऱ्यात आकडा सांगितला. तो सहा गावांचा निघाला. तेथे 'सबटोटल' लागते. त्यात आधी ९ हा आकडा देतात, मग रकाना. फिल्टरमध्ये दिसणाऱ्या ओळींचीच ते बेरीज करते. हाताने लपवलेल्या ओळीही सोडायच्या असतील तर ९ ऐवजी १०९ द्यावे. थोडक्यात, यादी छानून पाहायची असेल तेथे सबटोटल आणि जेथे पूर्ण रक्कमच हवी तेथे सम.

तिसरी गोष्ट पल्ल्याची, म्हणजे फॉर्म्युला कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत पाहतो त्याची. यात मोठमोठे लोक फसले आहेत. हार्वर्ड विद्यापीठाचे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि देशाची वाढ यांवर एक निबंध लिहिला. जगभरच्या राजकारण्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल शीट तपासली, तेव्हा २० देशांच्या यादीत सरासरीचा फॉर्म्युला शेवटचे ५ देश सोडून देत होता असे दिसले. आणखीही आक्षेप होते. ते सर्व धरून हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी हिशेब पुन्हा केला, तेव्हा मोठे कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर गेली. हार्वर्डच्या शीटमध्ये पाच देश सुटू शकतात, तर आपल्या शीटमध्ये शेवटच्या पाच पावत्या सुटणे अवघड नाही. महिन्यातून एकदा बेरजेच्या सेलवर दोनदा क्लिक करून रंगीत चौकट शेवटच्या ओळीपर्यंत जाते की नाही, ते मालकाने स्वतः पाहावे.

सरासरी भाव : येथे नफा तोट्यात जातो

'अ‍ॅव्हरेज' हे फंक्शन सोपे आहे म्हणून सर्रास वापरले जाते, आणि व्यापारात सर्वांत जास्त नुकसान तेच करते, असे आमचे मत आहे. केळीचे उदाहरण घ्या. नवती आणि पिलबाग मालाचा भाव सारखा नसतो, आणि एका गाडीत तीन शेतांचा माल भरला जातो. समजा १०० क्विंटल १८०० रुपयांनी घेतला, २० क्विंटल १२०० ने आणि ३० क्विंटल १५०० ने. अ‍ॅव्हरेजला तिन्ही भाव दिले की ते सांगते, खरेदीचा सरासरी भाव १५०० रुपये. व्यापारी म्हणतो, १६०० ने दिला तरी क्विंटलमागे १०० रुपये सुटतात. १५० क्विंटलवर १५,००० नफा.

आता खरा हिशेब पाहा. पहिल्या मालाचे १,८०,०००, दुसऱ्याचे २४,००० आणि तिसऱ्याचे ४५,००० मिळून २,४९,००० रुपये शेतकऱ्यांना दिले. त्याला १५० ने भागले तर भाव येतो १६६०. म्हणजे १६०० ने विकल्यावर क्विंटलमागे ६० रुपये गेले. १५,००० नफा नाही, ९,००० तोटा. गाडीभाडे आणि हमाली तर अजून धरलीच नाही. चूक अशी की अ‍ॅव्हरेजने १०० क्विंटलच्या भावाला आणि २० क्विंटलच्या भावाला सारखाच मान दिला.

अशा ठिकाणी 'समप्रॉडक्ट' वापरावे. त्याला वजनाचा रकाना आणि भावाचा रकाना दिला की ते प्रत्येक ओळीचा गुणाकार करून एकदम बेरीज देते. तिला एकूण वजनाच्या बेरजेने भागावे. केळी, डाळ, कापूस, भंगार, सोने, सूत, जे जे वजनावर किंवा मापावर घेतले जाते त्याचा सरासरी भाव असाच काढावा. साधे अ‍ॅव्हरेज तेथे चालते, जेथे प्रत्येक आकड्याचे वजन सारखे असते, उदाहरणार्थ रोजची विक्री.

रोजच्या विक्रीतही एक बारकावा आहे. रिकामा सेल अ‍ॅव्हरेज मोजत नाही, पण शून्य मोजते. आठवड्याची विक्री ४२,००० आणि एक दिवस दुकान बंद. बंद दिवसाचा सेल रिकामा ठेवला तर सरासरी ७,००० येते, शून्य लिहिले तर ६,०००. दोन्ही बरोबरच आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. दुकान उघडले त्या दिवशी किती विक्री होते हे पाहायचे तर रिकामा ठेवा. दुकानभाडे आणि कर्जाचा हप्ता मात्र बंद दिवसाचाही लागतो. तो निघतो की नाही हे पाहायचे तर शून्य लिहा.

मोजणी : हजर आणि गैरहजर

हजेरीपटासाठी तीन फंक्शने आहेत आणि तिघांचे उत्तर वेगळे येते. 'काउंट' फक्त आकडे मोजते. 'काउंटए' रिकामा नसलेला प्रत्येक सेल मोजते. 'काउंटइफ' आपण सांगू तेच मोजते. समजा कारागिराच्या नावापुढे २६ दिवसांत २२ वेळा 'हजर' आणि ४ वेळा 'गैरहजर' लिहिले आहे. काउंट सांगेल ०, कारण आकडा एकही नाही. काउंटए सांगेल २६. काउंटइफला 'हजर' हा शब्द दिला तरच २२ येईल. काउंटने गरिबाची मजुरी बुडते आणि काउंटएने मालकाचे पैसे जातात. पावत्यांवरील रकमा मोजायच्या तर काउंट, यादीत किती नावे आहेत हे पाहायचे तर काउंटए, आणि हजेरीला काउंटइफच.

गिऱ्हाइकाचे खाते : समइफ आणि समइफ्स

एका गिऱ्हाइकाकडे एकूण किती बाकी आहे हे 'समइफ' सांगते. नावाचा रकाना, गिऱ्हाइकाचे नाव आणि रकमेचा रकाना, एवढे त्याला द्यायचे. पण 'या गिऱ्हाइकाचा, या महिन्याचा, न भरलेल्या बिलांचा' असे दोन-तीन अटींचे विचारायचे असेल तर 'समइफ्स' लागते. ते एक्सेलमध्ये २००७ पासून आहे. दोघांत एक फसवा फरक आहे. समइफमध्ये रकमेचा रकाना शेवटी येतो, समइफ्समध्ये तो सर्वांत आधी येतो. दोन्ही वापरणारा माणूस कधीतरी अदलाबदल करतोच. म्हणून आमचा सल्ला असा की, एकच अट असली तरी समइफ्सच वापरावे, म्हणजे हाताला एकच वळण पडते.

पण येथे खरी अडचण फंक्शनची नसून नावाची आहे. आपल्या मोहल्ल्यांत एकाच नावाची चार-चार माणसे असतात, आणि एकाच माणसाला दुकानातला एक पोरगा 'सलीम' लिहितो, दुसरा 'सलीमभाई' आणि तिसरा आडनावासह. संगणकाला ही तीन खाती दिसतात. नावापुढे एक मोकळी जागा जास्त पडली तर चौथे. उलट, एकाच नावाची दोन गिऱ्हाइके एकाच खात्यात गेली तर एकाची उधारी दुसऱ्याच्या माथी बसते. मग गल्ल्यावर भांडण, आणि वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो. उपाय जुनाच आहे. चोपडीत खात्याला पान क्रमांक असे, तसा प्रत्येक गिऱ्हाइकाला एक क्रमांक द्यावा आणि समइफ्सला नाव न देता क्रमांक द्यावा.

भाव शोधणे : व्हीलुकअप की एक्सलुकअप?

बिल करताना मालाचा क्रमांक टाकला की भाव आपोआप यावा, यासाठी बहुतेक पेढ्यांत 'व्हीलुकअप' असते. त्यात चार गोष्टी द्यायच्या असतात आणि चौथी बरेच जण देतच नाहीत. ती दिली नाही, तर व्हीलुकअप अचूक क्रमांक न मिळाल्यास जवळचा खालचा क्रमांक धरते. चटईच्या भावपत्रकात १०१, १०२, १०३ आणि १०५ हे क्रमांक आहेत; १०४ चा माल नवा आला, पण भाव लिहायचा राहिला. बिलावर १०४ टाकताच व्हीलुकअप १०३ चा भाव देऊन मोकळे होते. यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर भलताच भाव येऊ शकतो. म्हणून चौथ्या जागी 'फॉल्स' किंवा शून्य लिहिलेच पाहिजे. शिवाय व्हीलुकअप शोधतो त्या रकान्याच्या उजवीकडचेच पाहू शकते, आणि भाव कितव्या रकान्यात आहे हे त्याला आकड्याने सांगावे लागते. मधे कोणी एक नवा रकाना घातला की भावाच्या जागी वजन येते.

हे दोष काढून 'एक्सलुकअप' आले. ते न सांगताही अचूकच शोधते, डावीकडे-उजवीकडे कोठेही पाहते आणि माल न मिळाल्यास काय लिहायचे तेही त्याला सांगता येते. एक्सेल २०२१ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ते आहे. गुगल शीट्समध्ये २०२२ पासून आहे आणि फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये २०२४ च्या २४.८ आवृत्तीपासून. एक्सेल २०१९ किंवा त्याआधीचे असेल तर 'इंडेक्स' आणि 'मॅच' जोडून तेच काम होते. मात्र मॅचच्या शेवटी शून्य लिहायला विसरू नये. तेव्हा नवे काम करणाऱ्याने एक्सलुकअप घ्यावे, जुन्या संगणकावर इंडेक्स-मॅच, आणि व्हीलुकअप चालू असेल तर आजच त्याची चौथी जागा तपासावी.

जवळचा आकडा धरणे हे नेहमीच वाईट असे नाही. १ ते १० नगांना एक भाव, ११ पासून दुसरा आणि ५१ पासून तिसरा असेल, तर ३० नगांच्या गिऱ्हाइकाला ११ च्या टप्प्याचाच भाव लागायला हवा. टप्प्यांच्या भावाला जवळची जुळणी, मालाच्या क्रमांकाला अचूक जुळणी. टप्पे दोनच असतील तर साधे 'इफ' पुरते. चार-पाच इफ एकात एक घालण्यापेक्षा टप्प्यांचे वेगळे पत्रक करावे, म्हणजे भाव बदलला की फॉर्म्युल्याला हात लावावा लागत नाही.

'इफएरर' या फंक्शनविषयी आमचे मत जरा कडक आहे. चूक आली तर तिच्या जागी शून्य दाखव, असे त्याला सांगण्याची फॅशन पडली आहे. शीट त्याने छान दिसते. पण भाव सापडला नाही आणि बिलात शून्य बसले तर माल फुकट गेला. इफएरर वापरायचेच असेल तर शून्याऐवजी 'भाव नाही' असे शब्द द्यावेत. झाकलेल्या चुकीपेक्षा उघडी चूक परवडते.

पैशांची तोडमोड : राउंड आणि राउंडडाउन

सेलमधले पैसे लपवणे आणि रक्कम पूर्ण रुपयांत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धुळ्याच्या मागावर तिघा विणकरांनी प्रत्येकी ११० मीटर कापड काढले आणि मजुरी मीटरला २ रुपये ३५ पैसे धरली, तर प्रत्येकाचे २५८ रुपये ५० पैसे होतात. दशांश लपवले की प्रत्येकापुढे २५९ दिसते. तीन वेळा २५९ म्हणजे ७७७. पण तळाची बेरीज ७७६ दाखवते, कारण आत संगणक ७७५ रुपये ५० पैसेच धरून बसला आहे. कारागीर बोटांवर बेरीज करतो आणि त्याला वाटते, मालकाने रुपया मारला. प्रत्येक ओळीला 'राउंड' लावून मग बेरीज केली तर दोन्ही आकडे जुळतात.

काही ठिकाणी राउंडऐवजी 'राउंडडाउन' किंवा 'इंट' लावलेले असते. ते नेहमी खालीच तोडते. दर आठवड्याला माणसामागे ५० पैसे तुटले तर ४० कारागिरांचे वर्षाला १,०४० रुपये होतात. रक्कम लहान आहे, पण ती आपली नाही. मजुरीच्या रकान्यात राउंडडाउन असूच नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याचे काम वेगळे आहे. एका ताग्यात किती पूर्ण सदरे बसतात, एका पेटीत किती पूर्ण डझन मावतात, तेथे ते वापरावे, कारण अर्धा सदरा विकला जात नाही. आणि इतक्या मालाला किती पेट्या लागतील, असे विचारायचे तर 'राउंडअप', कारण उरलेल्या चार नगांनाही पेटी लागतेच.

तारखा : टुडे कोठे आणि कोठे नाही

'टुडे' हे फंक्शन आजची तारीख देते, आणि उद्या उघडले तर उद्याची देते. बिलाच्या तारखेच्या जागी कोणी टुडे लिहिले तर ते बिल कधीच जुने होत नाही! बिलाची तारीख हाताने लिहावी. कंट्रोल आणि अर्धविरामाची कळ एकत्र दाबली की आजची तारीख कायमची बसते. टुडेचा खरा उपयोग वसुलीला आहे. टुडेमधून बिलाची तारीख वजा केली की उधारीला किती दिवस झाले ते कळते. मात्र संगणक अमेरिकन पद्धतीवर ठेवलेला असेल तर ५ जूनची तारीख तो ६ मे समजतो. ती मांडणी आधी भारतीय करून घ्यावी.

माल बनवणाऱ्या आमच्या बंधूंना यात कायद्याचाही आधार आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत, असे २००६ चा एमएसएमई विकास कायदा सांगतो. हा लाभ उत्पादन आणि सेवा करणाऱ्यांचा आहे, नुसत्या खरेदी-विक्रीचा नाही. मोठ्या पार्टीला चटई किंवा कापड देणाऱ्या कारखानदाराने माल स्वीकारल्याची तारीख लिहावी आणि इफ लावून ४५ च्या वर गेलेली बिले वेगळी काढावीत. हातात तारीखवार यादी असली की तगादा लावताना आवाज चढवावा लागत नाही.

जकातीचा हिशेब

वरची बरीच फंक्शने जकातीच्या हिशेबात एकत्र येतात. दुकानातल्या मालाची किंमत समप्रॉडक्टने, येणी समइफ्सने, रोख आणि बँक समने. मग इफ : निव्वळ रक्कम निसाबाइतकी किंवा जास्त असेल तर २.५ टक्के, नाहीतर शून्य. निसाब सामान्यतः ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी धरतात. त्या दिवसाचा जळगावच्या सराफ बाजारातला भाव एका वेगळ्या सेलमध्ये लिहावा, फॉर्म्युल्याच्या पोटात नाही. कोणते येणे धरायचे आणि कोणते कर्ज वजा करायचे, हे मात्र उलमांना विचारावे. ते एक्सेल ठरवू शकत नाही.

एक मुद्दा तारखेचाही आहे. बरेच व्यापारी सोयीसाठी ३१ मार्चच्या ताळेबंदावर जकात काढतात. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते. सुमारे ३३ इंग्रजी वर्षांत ३४ चांद्रवर्षे होतात. म्हणजे आयुष्यभर मार्च धरून चालणाऱ्याची एका वर्षाची जकात राहून जाते. शीटमध्ये हिजरी तारखेचा एक रकाना ठेवावा आणि तो हाताने भरावा. ३५४ दिवस मिळवून पुढची तारीख काढणारा फॉर्म्युला अंदाज देतो, पण त्याला चंद्र दिसत नाही.

मालकाने करायचे काम

कोणी म्हणेल, आमच्याकडे शिकलेला मुलगा आहे, सीए आहेत, मग आम्ही हे का शिकावे? त्यांना आमचे उत्तर असे की, सीएंकडे जातो तो तयार आकडा, आणि तो पेढीवर जन्मतो. मुलगा फंक्शनचे नाव जाणतो. पण नवती आणि पिलबागचा भाव एका तराजूत घालू नये हे तो जाणत नाही, ते मालक जाणतो. दोघांनी एकदा शेजारी बसून प्रत्येक फॉर्म्युला वाचावा. मुलाने सांगावे की हे फंक्शन काय करते, आणि मालकाने सांगावे की धंद्यात प्रश्न काय आहे. दोन्ही जुळले तर ठेवावे, नाहीतर बदलावे. महिन्यातून एक खाते चोपडीप्रमाणे हाताने करून पाहावे.

आणखी एक सूचना. आपल्या शाळांमधील संगणक संध्याकाळनंतर बंदच असतात. शाळांच्या चालकांनी आठवड्यातून एक दिवस, इशाच्या नमाजनंतर तासभर, दुकानदार आणि कारागिरांसाठी ती खोली उघडली आणि शिकवायला त्याच शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली बसवली, तर खर्च फार येणार नाही. शिकायला येणाऱ्याने स्वतःच्या पेढीचीच शीट सोबत आणावी. पन्नाशीच्या माणसाला विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर अ‍ॅव्हरेज शिकवून उपयोग नाही. त्याला त्याच्या गाडीतल्या केळीचा भाव काढून दाखवला पाहिजे.

गल्ल्याजवळ लावण्यासाठी थोडक्यात :

पूर्ण बेरीज – सम. छानलेल्या यादीची – सबटोटल.
वजनावरचा सरासरी भाव – समप्रॉडक्ट भागिले एकूण वजन, अ‍ॅव्हरेज नव्हे.
हजेरी – काउंटइफ.
गिऱ्हाइकाची बाकी – समइफ्स, नावाने नव्हे तर क्रमांकाने.
मालाचा भाव – एक्सलुकअप, किंवा इंडेक्स-मॅच शेवटी शून्यासह.
मजुरी – राउंड. राउंडडाउन कधीही नाही.
बिलाची तारीख – हाताने; उधारीचे दिवस – टुडे वजा बिलाची तारीख.